दाराशी गेलेलं गिऱ्हाईक

पन्हाकाकांचं खरं नाव दुकानाच्या पगारपत्रकावर आहे आणि ते तिथंच सुखात नांदतंय. एकतीस वर्षं कापडाच्या दुकानात काढलेला हा गृहस्थ कुठलंही कापड समोर आलं की पहिला प्रश्न विचारायचा, "पन्हा केवढा?" पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. लांबी कोणीही मोजून देतो, माणूस फसतो तो रुंदीत, असं त्यांचं ठाम मत. पडद्याचं कापड असो, शर्टाचं असो, की घरी आलेल्या पाहुण्याच्या अंगावरचं असो, प्रश्न तोच. त्यावरून नाव पडलं आणि बायको व लेक सोडून सगळ्या गल्लीने ते उचललं.

दुकान बोळासारखं लांब. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापडाचे तागे, मध्ये हात लागून लागून गुळगुळीत झालेलं लाकडी काउंटर, त्याच्या कडेला ठोकलेली पितळी मीटरपट्टी आणि गिऱ्हाइकांसाठी उंच स्टुलं. शर्टाच्या कापडांचा विभाग पन्हाकाकांचा. डोळे मिटून, अंगठा आणि तर्जनीत कापड चोळून ते सांगत की यात सूत किती आणि भेसळ किती. पण त्यांची खरी कर्तबगारी पुढेच होती. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, रंग जाईल म्हणायचं, "राहू द्या मग" म्हणून उठायचं आणि दाराकडे निघायचं. पन्हाकाका मान खाली घालून त्याची पावलं मोजायचे. पाच पावलं होऊ द्यायची. सहाव्या पावलाला हाक मारायची, "अहो, या तर खरं, चिडता काय?" चौथ्याला हाक मारली तर आपण हावरट दिसतो आणि सातवं पडलं तर गिऱ्हाईक रस्त्यावर गेलेलं असतं. गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक होतं. काही मुरलेली मंडळी पाचव्या पावलाला चप्पल नीट करायच्या निमित्ताने थांबायची.

स्वतः खरेदीला गेले की पन्हाकाका हेच उलट बाजूने करायचे. जे हवं त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, ताकास तूर लागू द्यायची नाही, आणि वेळ आली की उठून चालू लागायचं. बूट, बादल्या, घरातला पंखा, सगळं त्यांनी दाराशी जाऊन परत येऊन घेतलेलं होतं.

अशा माणसाची एकुलती एक लेक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत सगळ्या शहरात तिसरी आली आणि घरात आनंदाबरोबर गोंधळ शिरला.

तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं. म्हणजे नेमकं काय, हे तिने बापाला तीनदा समजावलं. "म्हणजे मोजायचंच ना?" पन्हाकाका म्हणाले, "मग मी तरी काय करतोय एकतीस वर्षं?" ती हसली. पण ते शिकवणारी कॉलेजं बाहेरगावी होती आणि त्यांची फी ऐकून पन्हाकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाच्या मालकांनी तर तोडगाही काढून ठेवला होता. "आकड्यांत हुशार आहे ना? बिलाच्या खुर्चीवर बसू दे. शिकायचं तर संध्याकाळी शिकेल." बिलाची खुर्ची दाराजवळ होती, लाल रेक्झिनची, एका बाजूने फाटून आतला स्पंज बाहेर आलेली. पन्हाकाका रोज तिच्यावरून जाताना मान वळवायला लागले. लेकीला तिथं बसवायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात स्वच्छ होती. बाकी सगळं धुकं.

लेकीच्या गणिताच्या बाईंनी सांगितलं होतं, "हुशार मुलांना गुणांवर फी माफ करणारी कॉलेजं असतात. पण ती शोधावी लागतात. कोणी घरी येऊन सांगत नाही." लेक शोधायला लागली. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर तासन्‌तास बसली, पुढच्या वर्गांतल्या मुलामुलींना गाठलं, कॉलेजांच्या ऑफिसांत फोन करून त्या लोकांना भंडावून सोडलं. शेवटी एका लांब वहीत अकरा कॉलेजांची यादी तयार झाली. फी किती माफ, किती मुलांना, अर्ज वेगळा की आपोआप, मुलाखत आहे की नाही, दर वर्षी किती गुण राखावे लागतात, शेवटची तारीख. सगळे रकाने पट्टीने आखलेले.

पन्हाकाकांनी वही हातात घेतली आणि पहिल्याच पानावर अडकले.

"हे पहिल्या नंबरचं कॉलेज. एवढं नावाजलेलं. आणि यांच्या रकान्यात शून्य?"

"ते गुणांवर काहीच देत नाहीत बाबा. तिथं सगळेच पहिले आलेले असतात. ते फक्त घरची परिस्थिती बघून देतात, आणि आपण त्यांच्या मर्यादेच्या जरासे वर जातो."

"म्हणजे आपण गरीबही पुरेसे नाही?"

"त्यांच्या हिशेबाने नाही."

"आणि हे चौथ्या नंबरचं, टेकडीवरचं? याचं नाव मी बापजन्मात ऐकलेलं नाही. हे सगळीच्या सगळी फी सोडतात?"

"सगळी. चार वर्षांची. फक्त सहा मुलांना."

इथं पन्हाकाकांच्या मनात पाल चुकचुकली. दुकानात फुकटाच्या भावात काय जातं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. विणताना धागा सुटलेला माल, उन्हात एका बाजूने विटलेला तागा, शेवटचे तुकडे. धडधाकट मालावर कोणी सूट देत नाही. मग धडधाकट कॉलेज कशाला देईल? आणि सातव्या नंबरच्या कॉलेजाने तर 'शंभर टक्क्यांपर्यंत फी माफ' असं लिहिलेलं. ते 'पर्यंत' बघून पन्हाकाकांना हसूच आलं. दुकानाच्या सेलच्या फलकावर पन्नास टक्के मोठ्या अक्षरांत आणि 'पर्यंत' मुंगीएवढं लिहून घ्यायची कल्पना त्यांचीच होती. त्या सेलमध्ये पन्नास टक्के सूट फक्त रुमालांवर होती.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ते बायकोला म्हणाले.

बायको एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. नंबर, तारीख, सही यापलीकडे तिचा कशावर विश्वास नव्हता, आणि नवऱ्याच्या तर्कांवर तर मुळीच नव्हता. "अहो, मुरू द्या. अर्ज भरू द्या तिला."

अर्ज गेले. मुलाखती झाल्या. आणि एका सोमवारी टेकडीवरच्या कॉलेजाचं पत्र आलं. निवड झाली होती. चारही वर्षांची फी माफ. राहण्या-जेवणाचा खर्च तेवढा आपला. दर वर्षी ठरावीक गुण राखायचे. शनिवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा.

लेकीने पत्र दोनदा वाचलं आणि आईच्या गळ्यात पडली. पन्हाकाकांनी ते चारदा वाचलं आणि बुचकळ्यात पडले.

"दर वर्षी गुण राखायचे म्हणजे? रंग जाणार नाही, आटणार नाही, अशी हमीच की ही. हमी दुकानदाराने द्यायची असते. इथं दुकानदारच गिऱ्हाइकाकडून हमी मागतोय! हे कुठलं उफराटं?"

"बाबा, मी राखीन गुण. उद्याच हो म्हणून कळवू या ना."

"घाई करायची नाही," पन्हाकाका म्हणाले. फी पूर्ण सोडणारा माणूस राहण्याचा खर्च का सोडणार नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात वळवळायला लागला होता. त्या खर्चासाठी बायकोने दवाखान्यात दुसरी पाळी मागितली होती, ते त्यांना खुपत होतं. "फोन मी करतो. मोठ्या माणसाने बोललेलं बरं दिसतं."

लेक त्या आठवड्यात वाचनालयात पुस्तकांची मोजदाद करायला जायची, दिवसभर तिथंच असायची. तिने विश्वासाने मान हलवली. बायको मात्र दारातून म्हणाली, "नुसतं हो म्हणा. एक अक्षर जास्त नको."

बुधवारी दुपारी, दुकानात सामसूम असताना, पन्हाकाकांनी काउंटरवरचा फोन उचलला. भाव करायचा तर काउंटरवरूनच, तिथं त्यांच्या आवाजाला धार यायची. पलीकडे एक बाई होती. तिने अर्जाचा क्रमांक विचारला, त्यांनी पत्रातून वाचून दाखवला.

"हां, तर पत्र मिळालं तुमचं," पन्हाकाका कंटाळल्यासारखे म्हणाले. "बघतोय आम्ही. आणखी दोन ठिकाणांहून आलंय."

एकाही ठिकाणाहून आलेलं नव्हतं.

"बरं. मग तुमचं काय ठरलंय?"

"ठरायचं काय? तशी आमची काही इच्छा नाही. लांब पडतं. राहण्या-जेवणाचंही धरलंत तर विचार करू, नाहीतर राहू द्या."

"ते आम्हाला नाही धरता येत. म्हणजे नको, असं लिहू का?"

हे वाक्य पन्हाकाकांच्या ओळखीचं होतं. 'नको मग?' असं ते स्वतः दिवसातून दहादा विचारायचे, हात कापडाची घडी घालत आणि कान पावलांकडे. आता उठायची वेळ.

"लिहा हवं तर," ते म्हणाले. दुकानाचा नंबर मात्र न विसरता दिला आणि फोन ठेवला.

मग ते मनात पावलं मोजायला लागले.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "केलात फोन?"

"केला."

"मग? झालं नक्की?"

"बोलणं चालू आहे."

"बोलणं कसलं, बाबा? हो म्हणायचं होतं."

"अगं, होतंय. तू जेव."

गुरुवारी दुकानाचा फोन नऊ वेळा वाजला. दरवेळी पन्हाकाकांच्या हातातली कात्री थबकायची. शिंप्यांचे होते, गिरणीच्या डेपोचे होते, एक तर चुकून लागलेला होता. एका गिऱ्हाइकाला त्यांनी सव्वादोन मीटरच्या जागी पावणेदोन कापून दिलं, जे एकतीस वर्षांत झालं नव्हतं. मालक चष्म्यावरून बघत राहिले. पाच पावलं झाली, सहा झाली, सात झाली. हाक का येत नाही, ते काही केल्या कळेना.

शुक्रवारी डेपोत माल बघायला जातो असं घरी सांगून त्यांनी बस पकडली. दोन तासांचा रस्ता. मुदत उद्यापर्यंत आहे, जाऊन बसायचं, समोरासमोर जमतं, अशी मनाची समजूत घालत होते.

टेकडीवरचं कॉलेज म्हणजे तीन साध्या इमारती आणि खूप सायकली. पन्हाकाका खोट शोधत फिरले. सभागृहाच्या पडद्याला हात लावला. कापड जाड, सुती, शिवण दुहेरी, किनारी सरळ. झगमग नाही, पण प्रामाणिक माल. एका वर्गात एक म्हातारे सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते आणि चाळीस पोरं मान वर करून बघत होती. एकही जांभई देत नव्हतं. खोट सापडेना, तसे ते अधिकच गोंधळले.

ऑफिसात दोरीने चष्मा गळ्यात अडकवलेली बाई होती. आवाजावरून तीच.

"ती जागा? ती दिली पुढच्या मुलीला," रजिस्टर उघडून ती म्हणाली. "तुम्ही बुधवारी नको म्हणालात. त्याच दुपारी तिला फोन केला. काल आजोबांबरोबर येऊन सही करून गेली."

"पण मुदत तर शनिवारपर्यंत आहे!"

"उत्तर द्यायची मुदत. उत्तर तुम्ही दिलंत ना?"

"अहो, पण..." पन्हाकाका रजिस्टरकडे बोट दाखवत म्हणाले. "तुम्ही परत बोलावलंच नाहीत."

"परत कशाला बोलावायचं?" बाई खरोखरच न समजून म्हणाली.

मग तिनेच खुर्ची पुढे केली. पन्हाकाकांनी पाणी घेतलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारून टाकलं, "एवढी फी सोडता, ती का? मालात... म्हणजे कॉलेजात काही दोष आहे का?"

"ग्रंथालयाचं छप्पर थोडं गळतं," बाई म्हणाली. "बाकी नाही. नावाजलेल्या कॉलेजांत हुशार मुलं आपणहून रांग लावतात, त्यांना काही सोडावं लागत नाही. आमच्याकडे शिकवणारे चांगले आहेत, पण नाव नाही. वर्गात अशी पाच-सहा मुलं असली की बाकीची चाळीस अभ्यासाला लागतात. म्हणून आम्ही शोधत असतो. तुमच्या मुलीची मुलाखत मी बाहेर बसून ऐकली होती. तिचा कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर मीच ठेवला होता."

पन्हाकाकांच्या हातातला पेला तसाच राहिला. गुणपत्रिका उजेडात धरून कोण बघत होतं? हे लोक. रंग टिकेल का, हमी कोण मागत होतं? हे लोक. पूर्ण मोल घेऊन स्टुलावर येऊन कोण बसलं होतं? हेच लोक. गिऱ्हाईक तेच होते. आणि आपण काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून, दुकानातलं सगळ्यात चांगलं कापड समोर असताना, म्हणालो की द्यायची तशी इच्छा नाही. आपण गिऱ्हाईक म्हणून उठून आलोच नव्हतो. आलेल्या गिऱ्हाइकाला उठवून लावलं होतं. लेक म्हणजे तागा नव्हे, हेही त्यांना कळत होतं. मग ती कोण, आपण कोण आणि हे दुकान कसलं, याचा काही केल्या उलगडा होईना. बसमध्ये ते दोन तास खिडकीकडे तोंड करून बसले आणि बाहेरचं काहीही त्यांना दिसलं नाही.

घरी पोचले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. लेक वहीत काहीतरी लिहीत होती, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. पन्हाकाकांनी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. पुढची मुलगी, तिचे आजोबा, सही, सगळं.

बायकोच्या हातातली घडी सुटली. "अहो, ते दुकान नव्हतं हो," एवढंच ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर फार बरं झालं असतं.

लेक रडली नाही. तिने पेन खाली ठेवलं. "तुम्ही नेमके काय शब्द वापरलेत, बाबा?"

पन्हाकाकांनी जमिनीकडे बघत सांगितलं, "म्हटलं, तशी आमची काही इच्छा नाही."

"माझी होती," लेक म्हणाली. "खूप होती. तुम्हाला माहीत होतं."

माहीत होतं. म्हणूनच तर लपवली होती, असं त्यांना म्हणायचं होतं. ज्याची इच्छा जास्त, ते तितकं झाकायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. पण ते तिला कसं सांगायचं, ते कळेना. ते जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. फाटक्या लाल खुर्चीशिवाय त्यांच्या डोळ्यांपुढे काही येत नव्हतं.

शनिवारी सकाळी लेक वही घेऊन त्यांच्यासमोर आली. चौथ्या ओळीवर तिने पट्टीने रेघ मारलेली होती. "सातव्या नंबरचं अजून खुलं आहे. सोमवारी मुलाखत ठेवलीये, पण आज नाव द्यावं लागेल. मी फोन करते. तुम्ही इथंच बसा."

"ते 'पर्यंत'वालं?" पन्हाकाकांच्या तोंडून निघून गेलं.

"तेच. विचारते ना मी, पर्यंत म्हणजे किती."

आणि तिने विचारलंही. फोन स्पीकरवर होता, आई दाराशी येऊन उभी राहिली होती. पलीकडे एक पोक्त आवाजाचा माणूस होता. लेक म्हणाली, "पर्यंत म्हणजे मला किती, ते सांगता का? मला तुमच्याकडे यायचंय. दुसरीकडून मला काही आलेलं नाही." पन्हाकाकांनी कपाळाला हात लावला. एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने असं उघडं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. तो माणूस मात्र न अडखळता म्हणाला, "तुमच्या गुणांवर अर्धी फी आपोआप माफ आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मुलाखत. चार जागा आहेत, अठरा मुलं येतायत. मिळेलच असं नाही सांगू शकत."

"चालेल. नाव लिहा माझं."

"पालक आहेत का जवळ? त्यांची संमती लागेल."

लेकीने बापाकडे बघितलं. फोन त्यांच्यापुढे धरताना तिचा हात किंचित मागे आला, ते पन्हाकाकांना दिसलं आणि फार लागलं. मग तिने तो पुढे केला.

"नमस्कार," पलीकडचा माणूस म्हणाला. "सवलतीबद्दल तुम्हाला काही बोलायचंय का?"

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. अर्धी का, पाऊण का नाही, राहण्याचं काय, चारच जागा का. सगळे प्रश्न सवयीने जिभेवर येऊन उभे राहिले. पन्हाकाकांनी दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

"नाही," ते म्हणाले. "मुलगी फार हुशार आहे. तिची यायची इच्छा आहे. आमचीपण इच्छा आहे. फार इच्छा आहे."

"बरं, मग संमती आहे असं लिहू?"

"लिहा," पन्हाकाका म्हणाले. "आणि लिहिलंत की एकदा मला वाचून दाखवा."